हसणं सोडलेल्या बाईंना

(नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

पत्र थोडक्यात: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर दुसरीला शिकवणाऱ्या ३४ वर्षांच्या बाईंचं हे पत्र आहे. डी.एड. करत असताना त्यांना दिवसा अनावर झोप येऊ लागली. घरचे आळशी म्हणाले. डॉक्टरांनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, थायरॉईड तपासलं. पुढे हसता हसता दोनदा खाली बसल्या, तेव्हा फिट आली असं समजून तीन वर्षं फिटच्या गोळ्या चालू होत्या. अखेर दोन वर्षांपूर्वी शहरात झोपेची तपासणी झाली आणि नार्कोलेप्सी या मेंदूतल्या झोपेच्या आजाराचं निदान झालं. सकाळच्या गोळीनं झोपेत बराच फरक आहे. तरी दुपारी फळ्यावर लिहिता लिहिता ओळ खाली घसरत जाते आणि शेवटची अक्षरं कुणालाच लागत नाहीत.

त्या लिहितात, "ताई, झोपेचं मी निभावते. दोन गोष्टी निभावत नाहीत. मोठ्यानं हसू आलं की गुडघ्यांतलं बळ जातं, मान लोंबते, जीभ जड होते. म्हणून मी हसणंच सोडलंय. पोरं मला कडक बाई म्हणतात. घरी सहा वर्षांचा मुलगा कावळ्यांच्या शाळेची गंमत सांगायला लागला की मी कामाचं निमित्त काढून उठते. दुसरी गोष्ट रात्रीची. डोळा लागता लागता कपाटाजवळ एक माणूस उभा दिसतो. तो जवळ येतो, गळ्यावर हात ठेवतो. मला ओरडता येत नाही, हलता येत नाही. हे मी डॉक्टरांना सांगितलेलं नाही. वेडी ठरवतील."

रात्रीचं कण्हणं ऐकून सासूबाईंना हे बाहेरचं वाटतं. नवरा म्हणतो, नोकरी सोड. शाळा ९ किलोमीटरवर आहे, बाई स्कूटीनं जातात. शाळेत कुणाला काही माहीत नाही. "नोकरी सोडू का? की हेडसरांना सांगू? सांगितलं तर झोपाळू बाई म्हणून गावभर होईल."

* * *

बाई,

शाळेतल्या बाईंना दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारायची मला सवय नाही, तेव्हा बाईच म्हणते.

तुम्ही विचारलंय नोकरीचं. त्यावर येतेच. पण पत्र वाचताना मी कावळ्यांच्या शाळेपाशी अडकले ते अडकलेच. सहा वर्षांचं पोर गंमत सांगायला येतं आणि आई उठून जाते. त्याला वाटत असणार, आपली गंमत आईला आवडत नाही. तुम्हालाही हे दिसतंय, म्हणून तर लिहिलंत. तेव्हा आधी हसण्याचं बोलू.

माझ्या मावसभावाला हाच आजार आहे. त्याचं निदान व्हायच्या आधीची गोष्ट. बहिणीच्या लग्नात घरच्यांची शेवटची पंगत बसली होती. नवरदेवाचे लपवलेले बूट सापडेनात, त्यावरून कुणीतरी काही बोललं, सगळे हसले. हा हसता हसता पुढे कलंडला. मठ्ठ्याची वाटी मांडीवर उपडी झाली. लोक धावले. एकानं पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाला लावली, कुणी कांदा फोडून आणला, आमच्या एका काकांनी दातांत चमचा घालायचा खटाटोप केला. मिनिटभरात तो उठून बसला. नंतर मागच्या पडवीत मला म्हणाला, "ताई, मी बेशुद्ध नव्हतो गं. सगळं ऐकत होतो. चप्पल कुणाची होती तेसुद्धा कळत होतं. फक्त सांगता येत नव्हतं." त्यानंतर पाच वर्षं तो एकाही लग्नाला गेला नाही. तुम्ही वर्गात जे करताय, तेच तो करत होता.

याला कॅटाप्लेक्सी म्हणतात, हे तुमच्या कागदांवर लिहिलेलं असेलच. पण ती का होते, ते कुणी समजावून सांगितलंय असं पत्रावरून वाटत नाही. आपण स्वप्न पाहत असतो तेव्हा मेंदू हातापायांचे स्नायू सैल सोडून देतो. नाहीतर स्वप्नात पळताना आपण खरोखरच अंथरुणातून उठून पळालो असतो. तेवढ्या वेळात श्वास चालतो, डोळे हलतात, बाकी अंग निपचित. जागेपणी हे सैल पडणं होऊ नये म्हणून मेंदूत राखणदार आहेत. हायपोथॅलॅमस नावाच्या भागातल्या मूठभर पेशी हायपोक्रेटिन नावाचं रसायन बनवतात. त्यालाच ओरेक्सिनही म्हणतात. १९९८ साली दोन वेगवेगळ्या गटांनी ते शोधलं, म्हणून नावं दोन. कॅटाप्लेक्सीसह नार्कोलेप्सी असलेल्या माणसांमध्ये यातल्या बहुतेक पेशी नाहीशा झालेल्या असतात. शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीनंच त्या मारल्या असाव्यात, असं आज बहुतेक संशोधक मानतात. राखणदार गेले की झोपेतल्या गोष्टी जागेपणी घुसतात आणि जागेपण झोपेत घुसतं. तुमचं हसून खाली बसणं आणि कपाटाजवळचा तो माणूस, दोन्ही एकाच घरातून आलेत.

हसण्यानंच का व्हावं? भावना जोरात आली की हा सैल पडण्याचा खटका दाबला जातो, आणि त्यातही आनंदानं जास्त. १८८० साली जेलिनो या फ्रेंच डॉक्टरनं या आजाराला नार्कोलेप्सी हे नाव दिलं. त्याच्यापुढे आलेला रोगी ३८ वर्षांचा, दारूच्या पिंपांचा व्यापारी होता. खळखळून हसला की त्याच्या पायांतलं बळ जायचं. पत्ते खेळताना हाती चांगली पानं आली तरी हात हलेनासे व्हायचे. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात हाच आजार जन्मतः असलेली डॉबरमन कुत्री पाळून अभ्यास झाला. त्यांच्यापुढे आवडीचं खाणं ठेवलं की ती दोन घास खायची आणि आनंदानं आडवी व्हायची. त्या कुत्र्यांमध्ये नेमकी कुठली जनुक बिघडली आहे, ते १९९९ साली सापडलं. त्या व्यापाऱ्याला किंवा त्या कुत्र्यांना कुणी आळशी म्हणेल का? मनाचा कमकुवतपणा म्हणेल का? तुम्ही स्वतःला मात्र पत्रात तीनदा म्हटलंय, "मी मन घट्ट करायला कमी पडते."

तुम्ही धरून चालला आहात की हसणं बंद ठेवलं तर आजार काबूत राहील. थोडंफार तसं होतही असेल, म्हणून ती सवय पक्की झाली. पण राग आला, दचकलात, अचानक जुनी मैत्रीण भेटली, तरी हेच होणार. ते सगळं कुठवर टाळाल? आणि मुख्य म्हणजे, यावर औषध आहे, ते तुम्हाला मिळतच नाहीये. सकाळची जी गोळी तुम्ही सांगताय, ती मोडाफिनिल आहे. ती झोपेवर चालते. गुडघे बसण्यावर तिचा फारसा उपयोग नसतो. त्यासाठी स्वप्नाची झोप दाबणारी औषधं असतात, व्हेन्लाफॅक्सिनसारखी. तुम्हीच लिहिलंय की डॉक्टर दर खेपेला विचारतात, "झोप कमी झाली ना?" आणि तुम्ही हो म्हणून दहा मिनिटांत बाहेर पडता. त्यांना वाटतंय तुमचं बरं चाललंय. पुढच्या खेपेला जाण्याआधी एका कागदावर लिहून न्या: आठवड्यात किती वेळा गुडघे, मान किंवा जबडा सैल पडला, तेव्हा काय चाललं होतं, किती वेळ टिकलं. आणि सर्वांत वर हे वाक्य लिहा: मी हसणं टाळते, म्हणून आकडा कमी आहे. हे नाही सांगितलंत तर कागद बघून कुणीही म्हणेल, फारसा त्रास नाही. जमलं तर नवऱ्यानं मोबाईलवर एखाद्या प्रसंगाचं चित्रण करून ठेवावं. ते दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतं.

औषधांबाबत काही गोष्टी आधीच माहीत असू द्या. ही औषधं मुळात नैराश्यासाठी वापरतात, त्यामुळे औषधाच्या दुकानातून आणलेल्या पाकिटातला कागद वाचून घरचे घाबरतात. आधीच सांगून ठेवा की डोस आणि कारण वेगळं आहे. रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागतं. आणि ती अचानक बंद करायची नाहीत, अगदी एखाद्या कार्याला गावी जाताना विसरली असंही होऊ द्यायचं नाही. एकदम बंद केली की कॅटाप्लेक्सी उसळून येते, तासन्‌तास पाठ सोडत नाही. दुसरं, हे खास बायकांसाठी: मोडाफिनिल चालू असताना गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा राहत नाही, आणि ती बंद केल्यावरही महिनाभर राहत नाही. दिवस राहण्याचा विचार असेल किंवा राहिले असतील तर लगेच डॉक्टरांना सांगा. हे कुणी आपणहून सांगत नाही, आणि आपल्याकडे बायका आपणहून विचारत नाहीत.

आता तो कपाटाजवळचा माणूस.

बाई, तुम्ही वेड्या नाही. डोळा लागताना किंवा उघडताना स्वप्न अर्धवट जागेपणी सुरू होतं. तेव्हा खोली खरी असते, कपाट खरं असतं आणि त्यापुढे स्वप्नातला माणूस उभा राहतो. अंग स्वप्नाच्या नियमानं निपचित असतं म्हणून ओरडता येत नाही. छातीचे नेहमीचे स्नायू साथ देत नाहीत, म्हणून गळ्यावर किंवा छातीवर ओझं वाटतं. श्वास मात्र थांबलेला नसतो. आजार नसलेल्या कितीतरी माणसांना हे आयुष्यात एखाद-दोनदा होतं. गावागावांत त्याला छातीवर हडळ बसली म्हणतात, ते हेच. फरक इतकाच की तुम्हाला ते आठवड्यातून तीन-चारदा होतं.

सकाळी उठल्यावर तुम्हाला कळतं की तो माणूस तिथे नव्हता. हे कळणं फार महत्त्वाचं आहे. डॉक्टर हेच विचारतील: झोपेच्या उंबरठ्यावरच दिसतं की भर दिवसा, पूर्ण जागेपणीही? उत्तर तुमच्याकडे आहे. न सांगण्यात धोका असा की हाच त्रास दुसऱ्या कुणी अर्धवट ऐकला तर मनोविकाराचं लेबल चुकीचं लागू शकतं. तसं काही जणांच्या बाबतीत झालेलं आहे. झोपेच्या डॉक्टरांनी हे ऐकलेलं असतं, त्यांच्यासाठी हा नार्कोलेप्सीचा नेहमीचा भाग आहे. आणि हसण्यावर चालणारी औषधं बऱ्याचदा यावरही चालतात.

तोवर रात्री काय करायचं? उताणं झोपू नका, कुशीवर झोपा, कारण उताणं झोपल्यावर हे जास्त होतं. झोपायची आणि उठायची वेळ रविवारीसुद्धा तीच ठेवा. खोलीत मंद दिवा असू द्या, आणि कपाटाच्या दाराला काही लटकत असेल, ओढणी, शर्ट, तर ते काढून आत ठेवा. मेंदू हाताशी असलेल्या सावल्याच घेऊन माणूस उभा करतो. अंग जखडलं असता सगळं अंग हलवायची धडपड करू नका. डोळे इकडेतिकडे फिरवा, पायाचा एखादा अंगठा हलवून बघा. आणि नवऱ्याशी ठरवून ठेवा: कण्हण्याचा आवाज आला की त्यांनी नुसतं नाव घेऊन खांद्याला हात लावायचा. बहुतेक वेळा तेवढ्या स्पर्शानं सुटका होते. माझ्या भावाची बायको झोपेतच हात टाकते आणि पुन्हा घोरू लागते, त्याला पुरतं.

सासूबाईंबद्दल तुम्ही रागानं लिहिलंय. तो राग मला कळतो, पण त्यांची बाजूही बघा. रात्री दोन वाजता सून कण्हतेय, हे त्या बिचाऱ्या एकट्या ऐकतात आणि त्यांना कुणी काहीही सांगितलेलं नाही. माणूस मग आपल्याला जे माहीत आहे त्याकडे वळतो. त्यांना तपासणीच्या खेपेला बरोबर न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की बराच फरक पडतो. देवाला जायचं म्हणाल्या तर जा, अंगारा लावला तर लावून घ्या. मात्र दोन गोष्टींवर ठाम राहा: गोळी चुकणार नाही आणि रात्रीचं जागरण होणार नाही. गोंधळ असो की भजन, तुम्ही आपल्या वेळेला झोपणार. आणि हे वाचणाऱ्या इतर घरांसाठी सांगते, भूत उतरवतो म्हणून कुणी बाईला मारहाण करायला लागलं तर २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे. घरच्यांनी हात बांधून बघत बसायचं नाही.

आता नोकरी.

नवरा म्हणतो सोड. तुम्ही त्यांना कधी विचारलंत का, की तुम्हाला नेमकी भीती कशाची वाटते? माझा अंदाज आहे की त्यांना शाळेची भीती नाही, स्कूटीची आहे. तुम्ही निघाल्यापासून "पोचले" असा मेसेज येईपर्यंत तो माणूस कामावर अर्धाच असणार. तसं असेल तर दुखतंय गुडघ्याला आणि तुम्ही पट्टी बांधताय कपाळाला.

आणि स्कूटीबद्दल मी मऊ बोलणार नाही. डॉक्टरांनी स्पष्टपणे, हा सगळा त्रास ऐकून, चालवा म्हणेपर्यंत ती चालवू नका. उद्यापासूनच. तुम्ही लिहिलंय की ओढ्याच्या पुलानंतरचा रस्ता कधीकधी आठवतच नाही, एकदम शाळेचं फाटकच दिसतं. बाई, हेच फळ्यावर घसरत जाणाऱ्या ओळीसारखं आहे. हात काम करत असतात आणि मेंदू तेवढ्यापुरता झोपलेला असतो. फळ्यावर त्यात दोन अक्षरं वाया जातात. रस्त्यावर काय जाईल? लायसन्सच्या नमुना १ मध्ये अपस्मार किंवा कोणत्याही कारणानं अचानक शुद्ध हरपणं वा चक्कर येणं होतं का, असं विचारलेलं असतं. ते कलम अशाच धोक्यासाठी आहे. एसटीची वेळ बघा, त्याच रस्त्यानं येणाऱ्या सहकाऱ्याला पेट्रोलचे पैसे देऊन मागे बसा, वडाप असेल तर वडाप. अर्धा तास लवकर निघावं लागेल. पण एसटीत बसल्या बसल्या पंधरा मिनिटांची झोप झाली, तर ती तुमच्या कमाईतच जमा होते. कंडक्टरला थांबा सांगून ठेवा म्हणजे झालं.

नोकरी सोडून घरी राहिल्यानं आजार कमी होणार नाही, हे मात्र पक्कं. दिवसाला आखणी नसेल तर नार्कोलेप्सीत झोप जास्तच पसरते. शिवाय पगार जाईल, औषधं मात्र चालूच राहतील. आणि घरात धोका नाही असं कुठं आहे? चुलीपुढे, अंघोळीचं कढत पाणी उचलताना, विहिरीच्या काठावर, गच्चीवर कपडे वाळत घालताना गुडघे बसले तर? तेव्हा घरात राहा किंवा शाळेत, काळजी तीच: पुढच्या शेगडीऐवजी मागची वापरा, तळण बसून करा, उकळतं पाणी दुसऱ्यानं उचलू द्या, विहीर, तलाव, कालव्याकडे एकटीनं जाऊ नका. शाळेत स्टुलावर चढून पताका लावणं, तक्ते टांगणं सोडा. ते दुसऱ्या कुणालाही जमतं.

हेडसरांना सांगावं, असं माझं मत आहे. पण ते कसं सांगता याला महत्त्व आहे. स्टाफरूममध्ये घाईत, रडवेल्या आवाजात नको. डॉक्टरांकडून साध्या मराठीत चार ओळींचं पत्र घ्या: आजाराचं नाव, तो संसर्गजन्य नाही, मानसिक नाही, यात शुद्ध जात नाही, आणि दिवसातून एक-दोनदा पंधरा-वीस मिनिटं झोप घेतली तर काम नीट होतं. ते पत्र आणि सोबत तुमचा अर्ज, आणि त्याची पोच घ्या. मागणी एकच ठेवा: मधल्या सुट्टीत वीस मिनिटं झोपायला जागा, म्हणजे कार्यालयाच्या मागची खोली, साहित्याची खोली, काहीही. मुलांचा पोषण आहार वाटून झाला की तुम्ही आडव्या व्हा. भरपेट भात खाऊन उभ्यानं झोपेशी झुंजत घेतलेल्या दोन तासांपेक्षा झोप काढून घेतलेला दीड तास मुलांच्या जास्त पदरात पडतो. मराठी-गणित सकाळी, चित्रकला आणि मैदान दुपारी, हा बदल तर तुमच्या हातातलाच आहे.

२०१६च्या दिव्यांग कायद्याचं तुम्ही विचारलंय. त्याच्या २१ प्रकारांच्या यादीत नार्कोलेप्सीचं नाव नाही, मज्जासंस्थेचे दीर्घकालीन विकार हा गट आहे. प्रमाणपत्र मिळेलच असं धरून चालू नका, जिल्हा रुग्णालयात चौकशी मात्र करा. वीस मिनिटांच्या झोपेसाठी मात्र प्रमाणपत्र लागत नाही, एक समजूतदार मुख्याध्यापक पुरतो. तुमच्याच पत्रात आहे की हेडसरांच्या बायकोला मधुमेह आहे आणि ते डब्याच्या वेळेबद्दल फार काटेकोर आहेत. म्हणजे शरीराची वेळ पाळावी लागते, हे त्यांना कुणी शिकवायला नको.

गावभर होईल म्हणता. होईल. पण गावाला आत्ता काय माहीत आहे? की बाई फटकून वागतात, कधी तंद्रीत असतात, पोरांशी हसत नाहीत. खरं कारण कळलं तर यापेक्षा वाईट काय होणार आहे? माझ्या भावानं शेवटी दुकानात येणाऱ्यांना सरळ सांगायला सुरुवात केली. पहिले पंधरा दिवस लोकांनी मुद्दाम विनोद सांगून बघितले, हे खरं आहे, आणि त्याचा त्याला त्रासही झाला. मग कंटाळले. आता दुकानात खुर्ची जवळ सरकवणारे दोघंतिघं कायम असतात.

आणि वर्गाला सांगा. दुसरीतली मुलं मोठ्यांसारखी घाबरत नाहीत, त्यांना काय करायचं ते माहीत असलं की झालं. असं सांगता येईल: "बाईंना खूप हसू आलं की बाईंचे गुडघे खाली बसतात. बाई झोपलेल्या नसतात, तुमचं सगळं ऐकत असतात. घाबरायचं नाही, ओढायचं नाही, तोंडात पाणी घालायचं नाही. मॉनिटरनं शेजारच्या वर्गातल्या सरांना बोलवायचं. बाकीच्यांनी शंभरपर्यंत अंक म्हणायचे, तेवढ्यात बाई उठतात." बहुतेक वेळा शंभर व्हायच्या आतच उठाल. गोष्टीच्या तासाला खुर्चीत बसा, पाठ टेकवून, मांडीवर पुस्तक. मोठं हसू येतंय असं वाटलं की टेबलाचा आधार घ्या. शेजारच्या सरांना मात्र आधी विश्वासात घ्या. त्यांना माहीत असू दे की फक्त मानेखाली हात द्यायचा, चेहरा मोकळा ठेवायचा आणि थांबायचं. पडताना डोक्याला मार लागला, किंवा पाच मिनिटांनीही उठला नाहीत, किंवा हाक मारल्याचं तुम्हाला नंतर आठवत नसेल, तर ते वेगळं काही असू शकतं. तेव्हा दवाखान्यात न्यायचं.

ज्यांना अजून निदानच झालेलं नाही अशांची पत्रंही येतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. साधारण दोन ते पाच हजारांत एकाला हा आजार असतो, म्हणजे मोठ्या तालुक्यात शंभरेक माणसं असू शकतात, पण त्यातल्या बहुतेकांना नाव माहीत नसतं. तो बहुधा शाळा-कॉलेजच्या वयात सुरू होतो आणि निदानाला कित्येक वर्षं जातात. दिवसा झोप येते म्हणजे नार्कोलेप्सीच, असं मात्र नाही. अपुरी झोप, रक्त कमी असणं, थायरॉईड, आणि घोरणाऱ्यांमध्ये झोपेत श्वास अडकणं ही कारणं कितीतरी जास्त आढळतात. ती आधी तपासून घ्या. पण झोपेबरोबरच हसताना जबडा, मान किंवा गुडघे सैल पडत असतील आणि शुद्ध शाबूत असेल, तर मेंदूविकार किंवा झोपेच्या तज्ज्ञाकडेच जा. तपासणीत एक रात्र तारा लावून झोपवतात, आणि दुसऱ्या दिवशी दोन-दोन तासांनी वीस-वीस मिनिटांच्या पाच झोपा घ्यायला लावतात. सरासरी आठ मिनिटांच्या आत झोप लागली आणि दोन किंवा जास्त वेळा सुरुवातीलाच स्वप्नाची झोप आली, तर निदान होतं. आधीचे दोन आठवडे झोपेची नोंद ठेवावी लागते. नैराश्याची औषधं चालू असतील तर निकाल बिघडतो, म्हणून ती कधी आणि कशी थांबवायची हे डॉक्टरांनाच ठरवू द्या, आपल्या मनानं नाही.

बाई, तुमच्या यादीत कामं बरीच झाली. सगळी एकदम होणार नाहीत. स्कूटी उद्या, डॉक्टर या महिन्यात, हेडसर त्यानंतर, हातात पत्र आलं की.

पण एक काम आज संध्याकाळी करता येईल, त्याला गोळीही लागत नाही. जमिनीवर गादी टाका. भिंतीला पाठ लावून बसा, बाजूला एक उशी. नवऱ्याला शेजारी बसवा. मुलाला सांगा की आईचे हातपाय हसल्यावर थोडा वेळ ऐकत नाहीत, म्हणून ती उठून जात होती, गंमत आवडत नव्हती म्हणून नाही. मग त्याला सांगू दे. तुम्ही कलंडलात तर कलंडू द्या, गादी आहे. उठलात की तो पहिलं काय विचारतो ते बघा.

आणि कावळ्यांच्या शाळेत पुढे काय होतं ते मला लिहून पाठवा. पत्रात तुम्ही तेवढंच अर्धवट ठेवलंय.

तुमची,
ताई